उपकरणाचा पत्ता आणि आज्ञावलीचा अधिकार

रास्पबेरी पाय हा छोटेखानी संगणक-फलक २०१२ साली बाजारात आला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम २८३५ ही चिप होती. आणि त्या चिपमध्ये, षोडशमान पद्धतीने लिहायचे तर २०२०००१सी या भौतिक पत्त्यावर, बत्तीस बिटांचे एक रजिस्टर आहे, ज्यात शून्यापासून मोजता सतराव्या बिटाच्या जागी एक हा अंक लिहिला, की फलकाच्या कडेवरील त्या क्रमांकाच्या पिनवर, ती आधी निर्गमनासाठी नेमून ठेवली असेल तर, ३.३ व्होल्टचा विद्युद्दाब उभा राहतो. तेथून बारा बाइट पुढे असलेल्या रजिस्टरात तोच बिट लिहिला, की तो दाब नाहीसा होतो. दिव्यांचे, मोटारींचे आणि झडपांचे जग व आज्ञावलीतल्या अंकांचे जग यांची गाठ पडण्याचे ठिकाण ते हेच. आणि अशी शेकडो ठिकाणे आज प्रत्येक लहानमोठ्या चिपमध्ये पत्त्यांच्या एका अखंड पट्ट्यावर ओळीने मांडलेली असतात.

परंतु त्याच फलकावर लिनक्स चालू असेल, आणि एखाद्या होतकरू विद्यार्थ्याने सी भाषेत तो पत्ता जसाच्या तसा लिहून त्यावर अंक ठेवण्याचा प्रयत्न केला, तर दिवा लागत नाही. आज्ञावली मात्र तत्क्षणी बंद पाडली जाते. कारण सामान्य आज्ञावली ज्या पत्त्यांनी बोलते ते पत्ते आभासी असतात. प्रोसेसरमधील स्मृति-व्यवस्थापक कर्नेलने भरून दिलेल्या पेज-कोष्टकांत पाहून त्यांचे भौतिक पत्त्यांत रूपांतर करतो, आणि कोष्टकात ज्याची नोंद नाही तो पत्ता त्या आज्ञावलीपुरता अस्तित्वातच नसतो. उपकरणाच्या भौतिक पत्त्यांचा एखादा तुकडा निश्चित हद्द आखून या कोष्टकात नोंदविणे आणि तो आज्ञावलीच्या हाती देणे, म्हणजेच मॅपिंग, एवढाच या ग्रंथाचा विषय आहे.

विषय एवढासा दिसतो खरा. एक फाइल उघडावी, एममॅप या नावाची एक हाक कर्नेलला घालावी, परत आलेला पत्ता एका पॉइंटरात ठेवावा, की काम झाले. पंधरा-वीस ओळींत बसणारे हे कसब कोणीही एका संध्याकाळी आत्मसात करू शकतो. या सोपेपणामुळेच त्याचे खरे स्वरूप पुष्कळांच्या नजरेतून निसटते, असे माझे मत आहे. पूर्वी सरकार एखाद्याला गावाची सनद देई, तेव्हा कागदावर चतुःसीमा लिहिली जाई, आणि त्या सीमेच्या आत मग सरकारचा शिपाई पावलोपावली विचारपूस करीत नसे. मॅपिंगही तसेच आहे. कोष्टकात नोंद होईपर्यंत कर्नेलचा अंमल पूर्ण असतो. नोंद झाल्यावर प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन कर्नेलला न विचारता थेट उपकरणापर्यंत जाते. वेग त्यामुळेच मिळतो आणि धोकाही त्यामुळेच उत्पन्न होतो. म्हणून मॅपिंगचा अभ्यास करताना पत्ता कसा मिळवावा हा प्रश्न दुय्यम असून, अधिकार कोणी दिला, किती दिला आणि त्या अधिकाराबरोबर कोणती जबाबदारी अंगावर आली, हे प्रश्न प्रधान होत.

या प्रश्नांचा उगम पाहू जाता आपल्याला १९७० च्या सुमारास जावे लागते. त्यापूर्वीच्या बहुतेक यंत्रांत उपकरणांशी बोलण्याची भाषा निराळी असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ मध्ये त्यासाठी खास सूचना होत्या, आणि पुढे इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरनेही हीच रीत पत्करून २५६ आगमन-द्वारे व २५६ निर्गमन-द्वारे ठेवली, जी ८०८६ मध्ये प्रत्येकी ६५,५३६ झाली. पीडीपी-११ ने मात्र १९७० साली वेगळा मार्ग धरला. युनिबस या तिच्या मार्गावर स्मृती आणि उपकरणे शेजारी शेजारी बसविलेली होती, आणि पत्त्यांच्या अवकाशातील सर्वांत वरचे आठ किलोबाइट उपकरणांच्या रजिस्टरांसाठी राखून ठेवलेले होते. तारयंत्रासारख्या टेलिटाइपची अवस्था अष्टमान १७७५६० या पत्त्यावर, साध्या स्मृतीतला शब्द वाचावा तशी, वाचता येई. जी सूचना स्मृतीला चालते ती उपकरणालाही चालते, हा तिचा तात्काळ लाभ सर्वांनी ओळखला. दूरगामी परिणाम मात्र निराळा होता: उपकरण एकदा पत्त्यांच्या राज्यात येऊन बसले, की पत्त्यांचे रक्षण करणारी जी यंत्रणा, तीच उपकरणांचेही रक्षण करू लागते, आणि पत्त्यांचे वाटप करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडेच उपकरणांचे वाटप करण्याचाही अधिकार आपोआप जातो.

ती यंत्रणा तोवर जन्माला आलेली होती. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या व १९६२ च्या डिसेंबरात कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकाने स्मृतीचे पेजांत विभाजन करून आभासी पत्त्यांची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. आज आपल्या चिपांत बहुधा ४,०९६ बाइटांचे जे पेज असते, ते याच कल्पनेचे अपत्य. आणि मॅपिंगच्या एका मूलभूत मर्यादेचे मूळही त्यातच आहे. अधिकार द्यायचा तो पूर्ण पेजाचा द्यावा लागतो. एकच रजिस्टर हवे असले तरी त्याच्या आसपासची चार किलोबाइटांची सारी जागा हाती जाते, आणि चिपची रचना करणाऱ्याने दोन उपकरणे एकाच पेजात बसविली असतील तर एकाचा परवाना देताना दुसऱ्याचाही दिला जातो. चिपच्या नकाशात उपकरणांच्या मध्ये जी मोकळी जागा सोडलेली दिसते, ती नवख्या वाचकाला उधळपट्टी वाटते. वस्तुतः ती शेजाऱ्यांमधली हद्द होय.

युनिक्सने, बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडत असताना, उपकरणांविषयी जे धोरण ठरविले त्यात मॅपिंगला स्थान नव्हते. उपकरणे कर्नेलच्या ताब्यात राहतील, आणि आज्ञावलीला ती फाइलीच्या रूपाने दिसतील. वाचणे, लिहिणे आणि जे या दोहोंत बसत नाही त्यासाठी आयऑक्टल नावाची एक किरकोळ खिडकी, असा तो बंदोबस्त होता. या धोरणाची प्रतिष्ठा आजही अढळ आहे आणि ती तशी असणेच योग्य आहे. उपकरण अनेकांच्या सामायिक वापराचे असेल तर मध्ये न्यायनिवाडा करणारा कोणीतरी हवाच. परंतु प्रत्येक हाकेला आज्ञावलीतून कर्नेलमध्ये जाऊन परत यावे लागते, आणि ज्या उपकरणाशी क्षणाक्षणाला बोलायचे आहे तेथे ही जकात भारी पडते. चित्रपटलावरील लक्षावधी बिंदू रंगवू पाहणाऱ्या कार्यस्थानकांना ती प्रथम जाचक झाली. एममॅपची कल्पना १९८३ च्या ४.२ बीएसडीच्या दप्तरात वर्णिलेली आढळते, पण ती तेथे अमलात आली नाही. सन कंपनीच्या सनओएस ४.० ने १९८८ मध्ये तिला पूर्ण देह दिला, आणि मग फ्रेमबफरची स्मृती आज्ञावलीच्या क्षेत्रात आणून बसविणे ही रूढी झाली. लिनक्सवरील एक्स सर्व्हर वर्षानुवर्षे मूळ प्रशासकाचा अधिकार घेऊन ग्राफिक्स कार्डाची रजिस्टरे थेट हाताळीत असे; ती व्यवस्था मोडून चित्रपटलाचे नियंत्रण कर्नेलकडे परत आणण्याचे काम २००९ च्या सुमारास सुरू झाले. अधिकार एकदा बाहेर गेला आणि अनुभवाअंती आत परतला, असे हे बोलके उदाहरण आहे.

विद्वानांच्या गोटातही याच काळात मंथन चालू होते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तत्त्वांवरील १९९५ च्या परिषदेत दोन निबंध सादर झाले: कॉर्नेल विद्यापीठातील यू-नेट आणि एमआयटीतील एक्सोकर्नेल. पहिल्याने जाळ्याचे उपकरण कर्नेलला वगळून प्रत्येक आज्ञावलीच्या हाती सुरक्षितपणे कसे देता येईल हे दाखविले. दुसऱ्याने त्याहून पुढे जाऊन असे प्रतिपादन केले, की कर्नेलने साधनांचे केवळ रक्षण करावे आणि त्यांचे व्यवस्थापन आज्ञावलींवर सोपवावे. आजच्या पुष्कळ व्यावहारिक यंत्रणांमागे या दोन निबंधांची सावली आहे.

आता अंतःस्थापित प्रणालींकडे वळू, कारण त्यांची वंशावळ वेगळी आहे. इंटेलच्या १९८० च्या ८०५१ पासून आजच्या कॉर्टेक्स-एम चिपांपर्यंतच्या सूक्ष्मनियंत्रकांत कर्नेल आणि आज्ञावली यांच्यामध्ये पेजांची भिंत कधी नव्हतीच. व्हीएक्सवर्क्ससारख्या प्रौढ प्रणालीतही, २००४ च्या सहाव्या आवृत्तीने स्वतंत्र प्रक्रिया आणीपर्यंत, सारी कार्ये एकाच मोकळ्या मैदानात वावरत असत. या परंपरेत वाढलेल्या अभियंत्याला रजिस्टरावर अंक लिहिणे हा आपला जन्मसिद्ध हक्क वाटे. पुढे चिपा सामर्थ्यवान झाल्या, त्यांच्याबरोबर स्मृति-व्यवस्थापक आला, त्याच्यामागून लिनक्स आले, आणि ज्या हाताने काल रजिस्टर लिहिले त्याच हाताला आज दारावर अडविले गेले. या अभियंत्यांपैकी कित्येकांना कर्नेलचा ड्रायव्हर लिहिण्याचे शिक्षण नव्हते. कित्येकांच्या कामाला तो लिहिण्याइतका अवधी नव्हता. ग्रंथाचा विषय एक व्यावहारिक गरज म्हणून जन्मला तो येथे, आणि या गरजेला जी निरनिराळी उत्तरे मिळाली त्यांतूनच आजचे संप्रदाय निर्माण झाले.

त्यांतील सर्वांत जुना आणि लोकप्रिय संप्रदाय डेव्ह-मेमचा. सर्व भौतिक पत्त्यांना एक फाइल मानून, तिच्यातला हवा तो तुकडा प्रशासकाने मॅप करून घ्यावा, अशी ही रीत. बिझीबॉक्स या उपयुक्त संचातील डेव्हमेम ही आज्ञा तिच्यावरच उभी आहे, आणि नवा फलक हाती आल्यावर एखादे रजिस्टर खरोखर दस्तऐवजात म्हटल्याप्रमाणे वागते किंवा नाही हे पाहण्यासाठी तिच्याइतके उत्तम साधन नाही, हे मी मनापासून सांगतो. परंतु तपासणीचे साधन निराळे आणि कायमचा कारभार निराळा. डेव्ह-मेम उघडणाऱ्याला हद्द नसते. चुकीचा एक अंक त्याला दुसऱ्याच उपकरणात नेऊन सोडतो. शिवाय पत्ता आज्ञावलीत कोरून ठेवावा लागतो, आणि पत्ते बदलतात: रास्पबेरी पायच्या दुसऱ्या आवृत्तीत पिनांची रजिस्टरे ३एफ२००००० वर गेली, चौथ्या आवृत्तीत एफई२००००० वर, आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत तर त्या पिना मूळ चिपमधून निघून आरपी१ नावाच्या स्वतंत्र चिपमध्ये, पीसीआय एक्स्प्रेसच्या पलीकडे, जाऊन बसल्या; जुने पत्ते पाठ केलेल्या आज्ञावली प्रत्येक वेळी निकामी झाल्या. कर्नेलच्या धुरीणांनीही हे दार क्रमाक्रमाने अरुंद केले आहे. सामान्य स्मृतीकडे या वाटेने जाण्यास २००८ च्या सुमारास मनाईची सोय झाली, आणि ज्या उपकरणावर एखाद्या ड्रायव्हरने आधीच हक्क सांगितला आहे त्याकडेही जाऊ न देण्याचा पर्याय २०१६ मध्ये आला. रास्पबेरी पायवर पिनांपुरताच तुकडा देणारी जीपीआयओ-मेम ही वेगळी फाइल ठेवण्यात आली, ती याच विवेकाने.

दुसरा संप्रदाय यूआयओचा. लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत, २००७ साली, हान्स-युर्गेन कॉख यांच्या परिश्रमाने तो आला, आणि माझ्या मते अंतःस्थापित कामासाठी आजवर सुचलेली ती सर्वांत समंजस तडजोड आहे. मॅपिंगने एक प्रश्न कधीच सुटत नाही, तो इंटरप्टचा. रजिस्टर वाचता येते आणि लिहिता येते, पण उपकरण जेव्हा स्वतःहून हाक मारते तेव्हा ती हाक प्रोसेसर कर्नेलकडेच नेतो. युजरस्पेसमधील, म्हणजे कर्नेलबाहेरील, आज्ञावलीला ती ऐकू येत नाही. यूआयओत कर्नेलमध्ये अगदी लहानसा भाग राहतो. तो उपकरणाची हद्द जाहीर करतो, इंटरप्ट आला की तो तात्पुरता थोपवून त्याची गणना एकाने वाढवितो, आणि बाकीचा सारा व्यवहार बाहेरच्या आज्ञावलीवर सोडतो. आज्ञावली फाइलीतून चार बाइट वाचू जाते, इंटरप्ट येईपर्यंत तेथेच थांबते, आणि जागी होते तेव्हा आजवर किती इंटरप्ट आले तो आकडा तिच्या हाती असतो. मधले काही हुकले असतील तर तेही त्यावरून कळते. पत्ता आणि लांबी सिसएफएसमध्ये लिहिलेली असल्यामुळे आज्ञावलीत पत्ता कोरण्याचे कारण उरत नाही. इतक्या थोड्या सामग्रीत हद्द, नाव आणि हाक या तिन्ही गोष्टींची तजवीज झालेली पाहून मला आजही समाधान वाटते.

यूआयओला जे साधत नाही ते डीएमए. उपकरण स्वतःच स्मृतीत लिहू लागले म्हणजे पेज-कोष्टकांचा पहारा निरर्थक ठरतो, कारण तो पहारा प्रोसेसरच्या दारावर असतो आणि उपकरण मागल्या दाराने येते. त्या मागल्या दारावर आयओएमएमयू नावाचा दुसरा पहारेकरी उभा करून, त्याच्या भरवशावर पूर्ण उपकरण युजरस्पेसला देणारी व्हीएफआयओ ही व्यवस्था लिनक्स ३.६ मध्ये, २०१२ साली, आली. तिचा जन्म आभासी यंत्रांच्या गरजेतून झाला असला, तरी आयओएमएमयू असलेल्या मोठ्या अंतःस्थापित चिपांवर ती आता वापरता येते. ज्या चिपेत हा दुसरा पहारेकरी नाही, तेथे डीएमए करू शकणारे उपकरण मॅप करून देणे म्हणजे साऱ्या स्मृतीची मुखत्यारी देणे होय, हे वाक्य मी या ग्रंथात एकाहून अधिक ठिकाणी लिहिले आहे आणि त्याची पुनरुक्ती जाणूनबुजून ठेवली आहे.

तिसऱ्या संप्रदायाला हा सारा वादच परका आहे. कॅनडात घडलेल्या क्यूएनएक्समध्ये ड्रायव्हर ही प्रारंभापासून सामान्य प्रक्रियाच मानली गेली. उपकरणाची स्मृती मागण्यासाठी तेथे स्वतंत्र हाक आहे आणि इंटरप्ट प्रक्रियेपर्यंत पोहोचविणे हे कर्नेलचे नित्यकर्म आहे. सिडनीत घडलेल्या आणि २००९ मध्ये ज्याच्या अचूकतेची गणिती सिद्धता पूर्ण झाली त्या एसईएल४ मध्ये तर उपकरणाचे प्रत्येक पेज ही एक लेखी अधिकारपत्रिका असते. ती ज्याच्याकडे आहे त्यालाच ते पेज जोडता येते, दुसऱ्याला देता येते, आणि दिलेली परतही घेता येते. प्रारंभी ज्या अधिकाराचा मी उल्लेख केला, त्याची इतकी काटेकोर मांडणी मला अन्यत्र आढळली नाही.

एक चौथी रीतही आहे, आणि तिचा संबंध आपल्या मुलखाशी येतो. नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी जीएमआरटी दुर्बीण आहे, तिच्या नूतनीकृत अंकीय यंत्रणेत रोच या नावाचे फलक वापरले गेले. या फलकावर एक मोठी एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी घडविता येणारी चिप, असते आणि तिच्या शेजारी लिनक्स चालविणारा पॉवरपीसी प्रोसेसर असतो. बर्कली येथे हेडन सो यांनी रचलेल्या बोर्फ या कर्नेलने एफपीजीएतील रचनेला प्रक्रियेचा आणि तिच्या रजिस्टरांना फाइलींचा दर्जा दिला. खगोलशास्त्रज्ञाने फाइलीत अंक लिहावा आणि एफपीजीएतील गुणक बदलावा, इतकी ती व्यवस्था सुबोध होती. पुढे त्याच परंपरेतील फलकांवर वेगासाठी एफपीजीएचे पत्ते थेट मॅप करण्याची पद्धत आली. फाइल आणि मॅपिंग यांतील निवड ही सुबोधता आणि वेग यांतील निवड आहे, आणि तिचे उत्तर उपकरणागणिक बदलते, हे या उदाहरणावरून चांगले कळते.

संप्रदाय कोणताही असो, मॅप होऊन जे हाती येते ते दिसायला स्मृतीसारखे असले तरी स्वभावाने स्मृती नसते, आणि नवख्यांची सर्वाधिक फसगत या ठिकाणी होते. स्मृतीतला शब्द दोनदा वाचला तर दोनदा तोच मिळतो. काही अवस्था-रजिस्टरे एकदा वाचताच रिकामी होतात. स्मृतीत लिहिलेले वाचता येते. वर सांगितलेले बीसीएम २८३५ चे रजिस्टर केवळ लिहिण्यासाठी आहे. लागोपाठ दोनदा लिहिलेल्या शब्दातील पहिले लेखन निरुपयोगी समजून कंपायलर गाळून टाकतो, आणि उपकरणाला ती दोन्ही लेखने हवी असतात. म्हणून व्होलाटाइल हा शब्द. पण व्होलाटाइल कंपायलरला आवरतो, प्रोसेसरला नाही. कॅश मध्ये आली तर लेखन उपकरणापर्यंत कधी पोहोचेल याचा नेम नसतो, म्हणून हे पेज कॅशविना मॅप करावे लागते. आर्म प्रोसेसर सामान्य आणि उपकरण अशा स्मृतीच्या जाती मानतो आणि एकाच भौतिक पत्त्याला कर्नेलने एक जात व आज्ञावलीने दुसरी जात लावली तर परिणामाची हमी देत नाही. एका उपकरणाला दिलेली दोन लेखने क्रमाने जातात, पण एक लेखन उपकरणाला आणि दुसरे सामान्य स्मृतीला असेल तर त्यांचा क्रम राखण्यासाठी बॅरिअरची सूचना मध्ये घालावी लागते. आणि उपकरणाचे घड्याळच बंद ठेवलेले असेल, जसे बीगलबोनच्या एएम३३५एक्स चिपेवर पिनांच्या एखाद्या गटाचे असू शकते, तर मॅपिंग निर्वेध होऊनही पहिल्याच वाचनाला बसचा दोष उद्भवून आज्ञावली कोसळते. पत्ता बरोबर, अधिकार बरोबर, आणि पलीकडे मात्र कोणी जागे नाही.

या भेदाची किंमत किती असू शकते हे २००८ च्या शरदऋतूत लिनक्सच्या जगाने अनुभवले. २.६.२७ या आवृत्तीच्या चाचण्या चालू असताना इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या जाळे-कार्डांची कायमची स्मृती पुसली जाऊ लागली आणि कार्डे निकामी झाली. आठवडेच्या आठवडे तपास चालला. संशय ग्राफिक्सच्या घटकांपर्यंत गेला. अखेर निष्पन्न झाले ते असे: कर्नेलच्या कार्याचा मागोवा घेणाऱ्या एका सुविधेने पूर्वी जेथे यंत्रसूचना होत्या ते पत्ते टिपून ठेवले होते, ती जागा पुढे मोकळी होऊन तेथे त्या कार्डाची स्मृती मॅप झाली, आणि जुने मूल्य जुळले तरच लिहावे अशा बोलीची एक सूचना त्या पत्त्यावर चालविली गेली. सामान्य स्मृतीत ती निरुपद्रवी ठरली असती. उपकरणाच्या पत्त्यावर तिने कार्डाचे काळीज पुसले. ही चूक कर्नेलच्या आतली होती, आणि ती करणारे लोक या शास्त्रातले अग्रणी होते; मॅपिंगचा सराव करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी मुळापासून अभ्यासावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आजच या विषयावर मराठीत ग्रंथ का, याचे कारण एफपीजीएशी जोडलेल्या चिपांच्या प्रसारात आहे. झायलिंक्सने २०११ मध्ये जाहीर केलेल्या झिंक-७००० मालिकेत आर्म प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपेत नांदतात. तेथे उपकरण कारखान्यातून येत नाही, विद्यार्थी ते स्वतः घडवितो, आणि ४००००००० पासून पुढच्या एक गिगाबाइटच्या पट्ट्यात त्याला हवा तो पत्ता देतो. अशा उपकरणाचा ड्रायव्हर जगात कोणी लिहिलेला नसतो. सकाळी घडविलेले रजिस्टर दुपारी पाहायचे असेल, तर मॅपिंग हीच पहिली वाट. आरआयएससी-व्ही या खुल्या रचनेत तर उपकरणांसाठी वेगळ्या सूचनाच नाहीत, सर्व काही पत्त्यांतूनच चालते. दुसरीकडे, काटेकोर वेळेत चालणारा लिनक्स, जो इतकी वर्षे पॅचच्या रूपाने बाहेर होता, तो २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये आला, आणि युजरस्पेसमधून मोटार किंवा झडप हाकण्याचा विचार अधिक गंभीरपणे होऊ लागला. अभियांत्रिकीच्या आमच्या विद्यार्थ्यांना या सर्व साधनांचा स्पर्श होतो; पण त्यांना मिळणारी माहिती बहुधा तयार तुकड्यांची असते, ज्यांत पत्ता असतो, एममॅप असतो, आणि का हा शब्द नसतो. त्यांच्या बुद्धीवर हा अन्याय आहे असे मला तीव्रतेने वाटते, आणि तो दूर करण्याची उत्कंठा हीच या लेखनामागची प्रेरणा आहे.

प्रस्तुत ग्रंथाने म्हणून विषय अधिकाराच्या क्रमाने मांडला आहे, सोयीच्या क्रमाने नाही. वाचकाला प्रथम डेव्ह-मेमने एक दिवा लावावयास दिला आहे, कारण हात घातल्यावाचून हा विषय कळत नाही. पण त्याच प्रकरणात त्या आज्ञावलीला काय काय करता आले असते याची यादी त्याच्याकडून करवून घेतली आहे. पुढे तोच दिवा यूआयओने लावला आहे, मग इंटरप्टसह, मग एफपीजीएत स्वतः घडविलेल्या रजिस्टरावरून, आणि प्रत्येक टप्प्यावर कर्नेलच्या बाजूचे कोष्टक कसे बदलले ते उघडून दाखविले आहे. कर्नेलच्या आतील मॅपिंगची बाजू, म्हणजे रीमॅप-पीएफएन-रेंज ही क्रिया आणि तिच्याभोवतीचे संरक्षक गुणधर्म, यांसाठी मोठी जागा दिली आहे; ज्याला सनद घ्यायची आहे त्याने ती लिहिणाऱ्याचे कामही जाणले पाहिजे, अशी माझी श्रद्धा आहे. सी भाषेचे आणि बिटांच्या क्रियांचे ज्ञान गृहीत धरले आहे. कर्नेलचे ज्ञान गृहीत धरलेले नाही.

जे सोडले आहे तेही सांगितले पाहिजे. ग्राफिक्सची स्मृती आणि तिचे बफर हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. वेगवान जाळ्यांसाठी संपूर्ण कार्ड युजरस्पेसला देणाऱ्या डीपीडीकेसारख्या यंत्रणा केवळ उल्लेखिल्या आहेत, कारण त्यांचे घर मोठ्या सर्व्हरांत आहे. उदाहरणे रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीवर, बीगलबोन ब्लॅकवर आणि झिंक-७००० असलेल्या फलकांवर रचली आहेत. ज्याच्याजवळ यांपैकी एकही नाही त्याने आपल्या फलकाचे दस्तऐवज उघडून, पत्त्यांच्या कोष्टकाचे पान समोर ठेवून, उदाहरणातील पत्ते स्वतः बदलून घ्यावेत. ज्या फलकाचा उत्पादक हे कोष्टक प्रसिद्ध करीत नाही, तो या अभ्यासासाठी घेऊ नये.